घसारा, घट आणि अवमूल्यन

मार्च महिना उजाडला की पिंपरी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात एक शब्द वारंवार कानी पडतो. एरवी तो कोणाच्या तोंडी नसतो. सनदी लेखापालाच्या कार्यालयात मात्र त्या दिवसांत ‘यंदा घसारा किती बसतो?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एकच अर्थ असतो : कर किती वाचतो? घसारा म्हणजे कर कमी करण्याची कागदोपत्री सोय, ही समजूत इतकी रुजली आहे की शब्दाचा मूळ अर्थ मागे पडला आहे. तो मागे पडल्यामुळे अनेक लहान कारखानदार नकळत आपले भांडवल खर्चून बसतात. म्हणून या शब्दाचा आणि त्याच्या भावंडांचा थोडा सविस्तर विचार करणे उपयुक्त ठरेल.

‘घसारा’ हा शब्द घासणे, घसरणे या क्रियापदांच्या कुळातला आहे. संस्कृतातील ‘घर्षण’ हे त्याच घराण्यातले. उंबरठा पावलांनी झिजतो, पाटा वरवंट्याने झिजतो, लेथचा बेड वर्षानुवर्षे चालून झिजतो. ही डोळ्यांना दिसणारी झीज मराठीने हिशोबाच्या वहीत नेली आणि तिला ‘घसारा’ म्हटले. गुजराती व्यापाऱ्यांच्या भाषेतही ‘घसारो’ हाच शब्द याच अर्थाने चालतो. हिंदी पाठ्यपुस्तकांनी ‘मूल्यह्रास’ हा शब्द घेतला. इंग्रजी ‘डिप्रिसिएशन’च्या पोटात किमतीचा अर्थ असलेला लॅटिन शब्द दडलेला आहे. म्हणजे हिंदी आणि इंग्रजी या दोघींचे लक्ष किमतीकडे आहे, तर मराठी आणि गुजराती यांचे लक्ष वस्तूच्या अंगाकडे आहे. हा फरक लहान वाटतो. पण पुढच्या साऱ्या गोंधळाचे मूळ त्यात आहे.

जुन्या पेढ्यांना घसारा फारसा लागत नसे, कारण पेढीत यंत्रे नव्हती. वहीत देणे-घेणे, माल आणि रोकड असे. तिथे किंमत कमी होण्याचे शब्द वेगळे होते. धान्य वाळले, गूळ पाझरला की ‘घट’ येई. मोजमापात कमी भरले की ‘तूट’. आणि नाणे झिजलेले निघाले की सराफ ‘बट्टा’ घेई. पेशवाईत आणि त्यानंतरही काही काळ अंकुशी, चांदवडी अशा नाना प्रकारच्या रुपयांचे चलन असे. हातोहात फिरून त्यांची चांदी झिजे, शिवाय टांकसाळीगणिक कसही वेगळा. त्यामुळे एका रुपयाचा दुसऱ्याशी बदल करताना सराफाची पारख आणि त्याचा बट्टा चुकत नसे. १८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया सुरू केल्यावर हा व्यवसाय हळूहळू आटला. नाण्यावरचा बट्टा गेला, पण ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार तेवढा मागे राहिला. नाणे आणि नाव दोन्ही वापराने नव्हे तर संशयाने अधिक उतरते, हे त्या काळच्या व्यापाऱ्याला पुरते ठाऊक असावे.

या शब्दांतील भेद त्यांच्यासोबत येणाऱ्या क्रियापदांवरून चटकन उमगतो. झीज ‘होते’. घट ‘येते’ किंवा आधीच ‘धरली जाते’. ऱ्हास ‘होतो’. घसारा मात्र आपोआप होत नाही. तो ‘आकारावा’ लागतो, ‘काढावा’ लागतो. तो मनुष्याने केलेला हिशोब आहे. आणि अवमूल्यन कोणीतरी ‘करते’. त्याला कर्ता लागतो.

हा शेवटचा शब्द वर्तमानपत्रांत फार सैलपणे वापरला जातो. रुपयाचे अवमूल्यन म्हणजे सरकारने किंवा रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेला विनिमय दर जाहीरपणे खाली आणणे. स्वतंत्र भारतात ते तीन वेळा ठळकपणे घडले. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडापाठोपाठ रुपया उतरवला गेला आणि डॉलरचा भाव सुमारे ३ रुपये ३० पैशांवरून ४ रुपये ७६ पैशांवर गेला. ६ जून १९६६ रोजी तो ४.७६ वरून ७.५० रुपयांवर नेण्यात आला. जुलै १९९१ मध्ये १ आणि ३ तारखेला, दोन टप्प्यांत, रुपया पुन्हा खाली आणला गेला. मार्च १९९३ पासून मात्र दर बाजारात ठरू लागला. त्यानंतर रुपया बाजारात खाली येतो तेव्हा ती ‘घसरण’ असते. तिला अवमूल्यन म्हणणे म्हणजे पावसाने वाहून गेलेल्या बांधाला ‘कोणी तरी बांध फोडला’ म्हणण्यासारखे आहे. इंग्रजीत यंत्राची झीज आणि रुपयाची बाजारातली घसरण या दोहोंना एकच शब्द आहे. मराठीत घसारा आणि घसरण असे दोन वेगळे शब्द सहज उपलब्ध असताना ‘रुपयाचा घसारा’ असे लिहिण्याचे काही कारण नाही.

आता घसाऱ्याकडेच वळू. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, पाठोपाठ मोटारी आणि स्कूटरचे मोठे कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान वर्कशॉपांचे जाळे भोसरी-चिंचवडपासून पुढे चाकणपर्यंत पसरले. व्यापारी घराण्यांतील अनेक मुलांनी दुकान सोडून लेथ घेतला तो याच काळात. दुकानाच्या हिशोबाची सवय कारखान्यात तशीच आली. दुकानात माल विकला की खरेदी वजा जाता जे उरते तो नफा. कारखान्यात मात्र विक्रीच्या प्रत्येक रुपयात यंत्राचा एक कण मिसळलेला असतो. तो दिसत नाही, त्याचे बिल येत नाही, त्यासाठी कोणी दारात तगादा लावत नाही.

लेखाशास्त्राच्या दृष्टीने घसारा म्हणजे यंत्राची मूळ किंमत त्याच्या उपयुक्त आयुष्यावर पद्धतशीरपणे वाटून देणे. येथे मराठी शब्दही थोडा फसवतो आणि इंग्रजी शब्दही. यंत्र प्रत्यक्ष किती झिजले हे घसारा सांगत नाही, आणि आज बाजारात त्याचे काय येईल हेही सांगत नाही. तो केवळ खर्चाची वाटणी करतो. समजा, एका सीएनसी मशीनची किंमत ४० लाख रुपये आहे. आयकराच्या नियमांनुसार सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर घटत्या शिलकेच्या पद्धतीने १५ टक्के घसारा मिळतो. पहिल्या वर्षी ६ लाख, दुसऱ्या वर्षी उरलेल्या ३४ लाखांवर ५ लाख १० हजार, असे करत दहा वर्षांनी वहीत ७ लाख ८७ हजारांच्या आसपास शिल्लक राहते. तेच मशीन २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे १५ वर्षांचे आयुष्य आणि ५ टक्के अवशिष्ट मूल्य धरून सरळ रेषेच्या पद्धतीने दाखवले, तर दरवर्षी सुमारे २ लाख ५३ हजार घसारा बसतो आणि दहा वर्षांनी १४ लाख ६७ हजार शिल्लक दिसतात. मशीन एकच, ऑईल एकच, ऑपरेटरही एकच. किंमती मात्र दोन, आणि दोन्ही कायदेशीर!

आयकराच्या घसाऱ्यात एक गंमत आहे, ती या पट्ट्यातील लोकांना चांगली ठाऊक आहे. वर्षभरात १८० दिवसांहून कमी काळ वापरलेल्या नव्या यंत्रावर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. म्हणजे साधारणपणे ३ ऑक्टोबरच्या आत मशीन चालू झाले पाहिजे. आणि मशीन चालू करण्याचा मुहूर्त तर दसऱ्याचा! २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला होता, त्यामुळे त्या मुहूर्तावर सुरू झालेल्या ४० लाखांच्या मशीनला त्या वर्षी ६ ऐवजी ३ लाखच घसारा मिळाला. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आला आणि मुहूर्त व कायदा दोन्ही साधले. राहिलेला घसारा बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळत जातो. तरीही सप्टेंबरच्या अखेरीस मशीन विक्रेत्यांची धावपळ उडते ती याच कारणाने.

काही उद्योजक याच्या उलट करतात. बँकेकडून कर्ज घ्यायचे असते, ताळेबंदात नफा चांगला दिसावा म्हणून त्या वर्षी घसारा आकारायचाच नाही, असा विचार असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली घसारा मागणे करदात्याच्या इच्छेवर आहे असे ठरवले होते. पण पुढच्याच वर्षी कायद्यात स्पष्टीकरण घालून ती वाट बंद करण्यात आली. आता घसारा मागा अथवा मागू नका, आयकराच्या हिशोबात तो मोजलाच जातो. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, घसाऱ्याची कल्पना तीच राहिली. आणि बँकेतील जाणत्या अधिकाऱ्याला ताळेबंदातील यंत्रसामग्रीचा आकडा दोन वर्षे जसाच्या तसा दिसला की पुढचे काही सांगावे लागत नाही.

बँकेचा विषय निघाला आहे तर तेथील हिशोब समजून घेण्यासारखा आहे, कारण मुख्य धोका तेथेच लपलेला असतो. वरच्याच ४० लाखांच्या मशीनसाठी समजा १० लाख स्वतःचे घातले आणि ३० लाख कर्ज घेतले. मुद्दलाची परतफेड पाच वर्षांत, म्हणजे दरवर्षी ६ लाख. पहिल्या वर्षीचा नफा घसारा वजा जाता ३ लाख. येथे मालक गोंधळतो. नफा ३ लाख आणि हप्ता ६ लाख, मग बँकेने कर्ज मंजूर केले कसे? उत्तर असे की, बँक नफ्यात घसारा परत मिळवते. घसाऱ्याचे ६ लाख कोणाला दिले गेलेले नसतात. ते मालकाच्याच खात्यात असतात. ३ अधिक ६ असे ९ लाख हाती येतात, त्यातून ६ लाखांचा हप्ता जातो आणि ३ लाख घरखर्चाला उरतात. व्याज आणि कर सोपेपणासाठी बाजूला ठेवले आहेत.

आता पाच वर्षे पुढे जाऊ. धंदा जेवढा होता तेवढाच आहे, हाती येणारी रोकड तीच ९ लाख. पण घटत्या शिलकेच्या पद्धतीमुळे सहाव्या वर्षीचा घसारा २ लाख ६६ हजारांवर आलेला असतो. म्हणून नफा दिसतो ६ लाख ३४ हजार. म्हणजे एक रुपयाचाही धंदा न वाढता नफा दुपटीहून अधिक झाला! शिवाय कर्ज फिटलेले, हप्ता बंद. घरात समाधान पसरते. रावेतला किंवा मोशीला फ्लॅटचे बुकिंग होते, मोठी गाडी येते, लग्नकार्य जरा थाटात होते. नव्या घराचा हप्ता याच ९ लाखांच्या आधारावर ठरतो. यात उधळपट्टी कोणी केलेली नसते. कागदावर नफा वाढलेला असतो आणि त्या नफ्यातूनच खर्च केलेला असतो.

आठव्या-नवव्या वर्षी मशीनची अचूकता जाऊ लागते. स्पिंडलचा आवाज बदलतो, मालाचे रिजेक्शन वाढते, कंट्रोलरचे सुटे भाग मिळेनासे होतात. तोच माल काढणारे नवे मशीन आता समजा ५५ लाखांना आहे, कारण अशी अनेक यंत्रे किंवा त्यांचे महत्त्वाचे भाग परदेशातून येतात आणि मधल्या काळात रुपयाची घसरण झालेली असते. येथे घसरण आणि घसारा या दोन वेगळ्या गोष्टी एकाच घरावर एकदम येऊन आदळतात. घसारा मोजला गेला जुन्या ४० लाखांवर, आणि तोही साठवला गेलेला नसतो. मालकाकडे पुन्हा कर्ज घेण्याखेरीज मार्ग उरत नाही; पण आता डोक्यावर घराचा हप्ताही असतो आणि वयही दहा वर्षांनी पुढे गेलेले असते.

कंपन्यांच्या बाबतीत कायद्याने यावर फार पूर्वीच बांध घातला आहे. १९५६ च्या कंपनी कायद्यात १९६० साली झालेल्या दुरुस्तीनंतर घसारा वजा केल्याशिवाय नफ्यातून लाभांश वाटता येत नाही, आणि २०१३ च्या कायद्यातील कलम १२३ मध्येही ते बंधन कायम आहे. भागधारकांनी मुद्दल खाऊ नये, हा त्यामागचा हेतू. एकट्याच्या मालकीच्या किंवा भागीदारीच्या वर्कशॉपला असे बंधन नाही. तेथे मालक स्वतःच स्वतःला लाभांश देतो, त्याला ‘उचल’ म्हणतात, आणि ती उचल अडवायला कोणी नसते. काही जुने कारखानदार दरवर्षी घसाऱ्याच्या रकमेएवढी मुदतठेव वेगळ्या खात्यात ठेवत आणि पावतीवर पेन्सिलीने ‘मशीन’ असे लिहीत. करसल्लागाराला ही पद्धत जुनाट वाटे. व्याजाचा दर कर्जाच्या दरापेक्षा कमी असतो, हा त्याचा आक्षेप गणिताने बरोबरही होता. तरी वेळ आल्यावर अशा ठेवीवरच नवे मशीन दारात उभे राही.

घसाऱ्याचा दुसरा विसर पडतो तो दर देताना. मोठ्या कंपनीच्या पर्चेस विभागाला जॉबवर्कचा भाव देताना ताशी मशीनचा दर, म्हणजे येथील भाषेत ‘मशीन-अवर रेट’, काढावा लागतो. वर्षाचे ३०० दिवस, एक पाळी, आठ तास आणि त्यातील तीन-चतुर्थांश वेळ प्रत्यक्ष काम धरले तर १,८०० तास होतात. सरळ रेषेच्या पद्धतीचा २ लाख ५३ हजारांचा घसारा त्यावर वाटला, तर ताशी १४१ रुपये पडतात. हाच हिशोब खऱ्या गरजेवर केला, म्हणजे आठ वर्षांनी ५५ लाखांचे मशीन घ्यायचे आहे आणि जुन्याचे ८ लाख येतील असे धरले, तर दरवर्षी ५ लाख ८७ हजार, म्हणजे ताशी ३२६ रुपये लागतात. दोहोंतला फरक वर्षाला ३ लाख ३४ हजारांचा आहे. जो भाव १४१ रुपयांवर दिला जातो, त्यात मालक दरवर्षी एवढी रक्कम ग्राहक कंपनीला आपल्या मशीनमधून कापून देतो आणि वर ‘ऑर्डर मिळाली’ म्हणून पेढे वाटतो. काही ठिकाणी तर मशीनचे कर्ज फिटले की ‘आता मशीन फुकट आहे’ असे म्हणून दर आणखी खाली आणला जातो. या पट्ट्यात जी अतोनात भावस्पर्धा आहे, तिच्या मुळाशी कौशल्याची स्पर्धा थोडी आणि घसाऱ्याचे अज्ञान फार, असे म्हणावेसे वाटते.

दुसरी पाळी चालवण्यामागचे गणितही येथेच उमगते. कंपनी कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे दोन पाळ्यांत चालणाऱ्या यंत्रांवर घसारा दीडपट धरायचा असतो, पण तास मात्र दुप्पट मिळतात. वरच्या उदाहरणात ताशी १४१ चे १०६ रुपये होतात. मशीन जास्त घासले, तरी प्रत्येक तासामागचा घसारा उतरला.

आणि न घासताही किंमत जाते, ही गोष्ट ‘घसारा’ या शब्दात नाही. ती त्याला बाहेरून जोडावी लागते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा मानक लागू झाले. त्याआधीच्या इंजिनांसाठी बनवलेल्या काही डाय, फिक्श्चर, गेज यांना त्या दिवसानंतर फारसे काम उरले नाही. त्यांची झीज शून्य होती, पण मागणीही शून्य झाली. लेखाशास्त्रात याला कालबाह्यता म्हणतात आणि उपयुक्त आयुष्य ठरवताना तिचाही विचार करायचा असतो. गिअर, सायलेन्सर, पिस्टन यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना विजेवरच्या वाहनांच्या काळात अनुसूचीतील १५ वर्षे किती भरवशाची धरायची, हे स्वतःलाच ठरवावे लागेल.

थांबलेला कारखानाही असाच झिजतो. तळेगाव येथे २००८ मध्ये सुरू झालेल्या जनरल मोटर्सच्या प्रकल्पाचे उदाहरण या परिसराने जवळून पाहिले. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातील विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये निर्यातीचे उत्पादनही थांबले. एक व्यवहार ठरून फिसकटला आणि अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री घेण्याचा करार केला. यंत्रे ‘काही’ आणि जमीन मात्र सगळी, हा तपशील बोलका आहे. आकुर्डीत याचीच दुसरी बाजू दिसते. बजाज ऑटोच्या तेथील कारखान्यातून २००७ मध्ये उत्पादन थांबले. चेतक हे नाव तेव्हा इतिहासजमा झाले होते. २०१९ मध्ये विजेवरची चेतक चाकणहून बाहेर पडली आणि जून २०२२ मध्ये आकुर्डीच्याच जागेवर तिच्यासाठी नवा कारखाना उभा राहिला. जुन्या स्कूटरची यंत्रे त्यासाठी निरुपयोगी होती; जागा आणि नाव मात्र उपयोगी पडले.

आता पाहा, जमीन आणि नाव या दोहोंवर घसारा मिळत नाही! जमिनीवर तो कधीच नव्हता. पेढीच्या नावलौकिकाची किंमत मोजून एखादी पेढी विकत घेतली, तर त्या रकमेवर घसारा मिळू शकतो असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले होते. २०२१ च्या वित्त कायद्याने तो बंद केला. औद्योगिक महामंडळाचा भूखंड मालकीचा नसून बहुधा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा असतो, हे खरे. तरीही पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या अधिमूल्याचा चिमुकला आकडा आजही वहीत तसाच बसलेला असतो, आणि वर्कशॉपच्या साऱ्या संपत्तीत सर्वांत महाग वस्तू बहुधा तीच असते.

या एका गोष्टीवरून कुटुंबांत जेवढे मन कलुषित होते, तेवढे दुसऱ्या कशावरून क्वचित होत असेल. वडिलांनी उभा केलेला कारखाना दोघा भावांत वाटायचा आहे. थोरला कारखाना घेणार, धाकट्याला त्याच्या निम्म्या हिश्श्याचे पैसे देणार. थोरला ताळेबंद पुढे ठेवतो : “हे बघ, सीएसाहेबांनी काढलेली किंमत आहे. मी माझ्या मनाने काही लिहिलेलं नाही.” धाकटा म्हणतो, “दादा, तू म्हणशील ते.” वहीत मशीन ७ लाख ८७ हजारांचे आहे, भूखंड काही हजारांचा आहे, पेढीच्या नावाला तर आकडाच नाही. दोघेही प्रामाणिक असतात. चार वर्षांनी शेजारचा शेड विकला जातो, त्याचा भाव कानी येतो, आणि मग दिवाळीला येणे-जाणे थांबते. कधी याच्या उलटही घडते. वहीत दहा लाखांच्या दिसणाऱ्या डाय एखाद्या भावाच्या वाट्याला येतात आणि भंगारवाला त्यांचे केवळ लोखंडाच्या वजनाने पैसे देतो.

वस्तुतः ताळेबंदातील आकडा हा वाटणीसाठी नसतोच. तो ‘अजून खर्ची न पडलेली मूळ किंमत’ एवढेच सांगतो. वाटणीसाठी नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून यंत्रे, शेड आणि भूखंडाचे हक्क यांचे वेगवेगळे मूल्यांकन करून घ्यावे लागते. भूखंड दुसऱ्या नावावर करण्यासाठी महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागू होते का, तेही आधी पाहावे लागते. मूल्यनिर्धारकाची फी काही हजारांत असते. ‘घरच्या घरी कशाला बाहेरचा माणूस?’ म्हणून ती वाचवली जाते.

कारखान्याशी संबंध नसलेल्या घरातही घसारा वर्षातून एकदा येतो, तो मोटारीच्या विम्याच्या कागदावर. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी विमा रक्कम प्रचलित तक्त्यानुसार दरवर्षी उतरते : एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५० टक्के घसारा. अपघातानंतरच्या दुरुस्तीत रबर, प्लॅस्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के कापले जातात, फायबरवर ३० टक्के, काचेवर काही नाही. आजच्या गाड्यांचा बंपर प्लॅस्टिकचा असतो, त्यामुळे साध्या धक्क्यातही निम्मे बिल खिशातून भरावे लागते. ‘झिरो डेप’ म्हणून एजंट जे विकतो ते याच कपातीपासून संरक्षण. त्याचा हप्ता थोडा जास्त असतो आणि बहुतेक कंपन्या ते गाडीच्या पहिल्या काही वर्षांपुरतेच देतात. चाकण-तळेगाव रस्त्यावरून रोज कंटेनरच्या मधून गाडी काढणाऱ्याने तो जास्तीचा हप्ता भरणे शहाणपणाचे ठरते. वर्षभर गाडी सोसायटीच्या आवारातच उभी असेल, तर मात्र तो टाळला तरी चालेल.